वाळवीच्या नावानं खडे

कोकणात जाऊन कुणी म्हणावं, की मला लाकडी सांगाड्याचं घर बांधायचंय. ऐकणाऱ्याचं उत्तर तयार असतं. वाळवी खाईल. आग लागली तर? आणि एवढं लाकूड आणणार कुठून, झाडं तोडणार का? हे सगळं झालं की आवाज जरा खाली आणून शेवटचा घाव: आता असं कुणी बांधत नाही हो. गावातला कंत्राटदार हे बोलतो, तालुक्याचा इंजिनिअर बोलतो, कर्ज देणारा साहेब बोलतो, आणि मे महिन्यात मुंबईहून आंबे खायला आलेला चुलतभाऊ सगळ्यात मोठ्यानं बोलतो.

पोटापाण्यासाठी मीही आरसीसीच्याच इमारतींची आकडेमोड करतो. सिमेंटशी वैर धरायचं मला कारण नाही. माझी चूल त्यावर पेटते. तक्रार आहे ती निवाड्याबद्दल. लाकडाला आपण जोखतो ते पन्नास वर्षं शाकारणी न झालेल्या, भाऊबंदकीत अडकलेल्या, छपराला भगदाड पडलेल्या घरावरून. काँक्रीटला जोखतो ते गेल्या दिवाळीत वास्तुशांत झालेल्या बंगल्यावरून. एकाचं प्रेत आणि दुसऱ्याचं बारसं समोर ठेवून कुणाची प्रकृती चांगली हे ठरवायचं, असा हा न्याय आहे.

पुण्याच्या पेठांमधले वाडे हा या खटल्यातला ठरलेला पुरावा. वाडे पडले, हे खरंच आहे. पण कशानं पडले? भाडेनियंत्रणाचा मुंबईचा कायदा १९४७ चा. भाडी गोठली ती पुढं पिढ्यान्‌पिढ्या गोठलेलीच राहिली. साऱ्या बिऱ्हाडांचं वर्षाचं भाडं गोळा केलं तरी एका पाख्याची कौलं परतून होत नाहीत, अशी वेळ आल्यावर मालकानं दुरुस्ती सोडून दिली. भाडेकरूला वाडा आपला नव्हता, म्हणून त्यानं खिळाही ठोकला नाही. पुढं जागेचे भाव चढले आणि वाडा उभा राहण्यापेक्षा पडण्यातच मालकाचा फायदा दिसू लागला. अशा परिस्थितीत सोन्याचं घर असतं तरी पडलं असतं.

असाच एक वाडा उतरवत असताना मी तिथं होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मोरीखालची तुळई खाली आणली होती. तिचं भिंतीत रुतलेलं टोक स्पंजासारखं झालेलं. बोट दाबलं की आत जायचं आणि तपकिरी भुगा गळायचा. मोरीचा पाझर वर्षानुवर्षं त्या एकाच जागी मुरत होता, आणि मातीच्या भिंतीत गाडलेल्या टोकाला वारा म्हणून लागत नव्हता. त्या टोकापासून हातभर अंतरावर मजुरानं वाकसाचा एक घाव घालून सालपट काढलं. आत सोनेरी, तेलकट, कोरडं ठणठणीत सागवान, वासासकट. जुन्या लाकडाचा व्यापारी टेप घेऊन शेजारी उभाच होता. ज्या इमारतीला महापालिकेनं ‘धोकादायक’ म्हणून नोटीस चिकटवली होती, तिच्या खांबांना आणि तुळयांना जागेवर गिऱ्हाईक होतं, आणि तेही नव्या लाकडाच्या तोडीच्या भावानं. शेजारच्या प्लॉटवर एक जुनी आरसीसी इमारत पाडत होते. तिच्यातली सळी भंगारात गेली. बाकीचा राडारोडा उचलून न्यायला उलट पैसे मोजावे लागले.

यातून निघणारा बांधकामाचा धडा साधा आहे. लाकूड वयानं मरत नाही, पाण्यानं मरतं. आणि ते पाणी कुठं साचणार हे बांधणाऱ्यानं ठरवलेलं असतं. जुन्या सुतारांना हे पाठ होतं. खांब जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा करायचा. जोतं उंच घ्यायचं. छपराचा झाप भिंतीच्या इतका बाहेर काढायचा, की पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात. वाळवीचंही तेच. तिला अंधार, ओल आणि मातीतून वर चढायला आडोसा लागतो. उघड्या तळखड्यावरून चढायचं तर तिला मातीची नळी बांधत यावं लागतं, आणि ती नळी केरसुणी फिरवणाऱ्या बाईला दिसते. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, हे लाकूडशास्त्र सांगतं. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात. आज वखारीतून ‘सागवान’ म्हणून जे येतं त्यात कोवळ्या झाडांचं हे पांढरं लाकूडच पुष्कळ असतं. ते ओलंच चौकटीला ठोकायचं, दोन पावसाळ्यांत भुंगा लागला की लाकडाला शिव्या घालायच्या, हा कंत्राटदारांचा जुना खाक्या. लाकूड वाळवणं आणि त्यावर रासायनिक प्रक्रिया करणं यांची भारतीय मानकं आहेत. कोकणात तर त्याआधीपासून काजूच्या टरफलांचं काळं तेल वाशांना पुसत आले आहेत. हात काळे होतात, कातडी सोलते, पण वासे टिकतात.

आगीचं म्हणाल, तर शनिवारवाडा पुढं येणारच. १८२८ साली तो जळाला आणि आग कित्येक दिवस धुमसत राहिली. आज तट, दरवाजे आणि जोती तेवढी उरली आहेत. मी त्यात भर घालतो: १८७९ साली बुधवारवाडा जळाला आणि विश्रामबागवाडाही त्याच वेळी पेटला. पेशवाईतल्या लाकडी इमारती आगीला भक्ष्य होत्या, हे मान्य. उघडे जिने, वरपासून खालपर्यंत तक्तपोशी, प्रत्येक खोलीत समया आणि मशाली, आणि विझवायला आडातलं पाणी. यावरून आजच्या घराचा निर्णय करायचा का? जाड लाकूड पेटतं, पण हळू पेटतं. बाहेरचा कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून झाकतो. जळत आत सरकण्याचा वेग मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर. म्हणजे आठ इंची खांब अर्धा तास आगीत राहिला तर प्रत्येक बाजूनं दीड ते सव्वादोन सेंटिमीटर जातो आणि आतला सव्वासहा ते पावणेसात इंचांचा गाभा भार पेलत राहतो. हे आधी मोजता येतं, म्हणून त्यासाठी जास्तीची जाडी आधीच धरता येते. उघड्या पोलादी तुळईची ताकद साडेपाचशे-सहाशे अंशांच्या आसपास निम्म्यावर येते, आणि पेटलेली खोली तेवढी तापायला फार वेळ लागत नाही. तरीही लोखंडी गर्डरवर पत्रे टाकलेल्या गोदामाला ‘आगीचं काय?’ असं विचारणारा मला अजून भेटलेला नाही. पातळ फळ्यांचे पडदे, प्लायचे कप्पे, जुनी वायरिंग यांची भीती मात्र रास्त आहे. गंमत अशी, की ते सगळं आज काँक्रीटच्या फ्लॅटमध्येच ठासून भरलेलं असतं.

आता किल्लारीचा भूकंप. या प्रतिवादाचं खरं कारण तेच आहे. ‘जुनी घरं माणसं मारतात’ हे मराठवाड्याच्या मनावर कोरलं गेलं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपलेली. हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. ज्यांनी ते ढिगारे उपसले त्यांच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही. पण त्या ढिगाऱ्यांतून जो निष्कर्ष सरकारनं आणि पाठोपाठ सगळ्यांनी काढला, त्याच्याशी वाद घालायलाच हवा.

लातूर-उस्मानाबादच्या त्या घरांमध्ये लाकडी सांगाडा होता. त्याला तिथं खण म्हणतात: चार खांब, त्यांवर तुळया, त्यांवर कड्या आणि फळ्या, आणि सगळ्यांवर मातीचं माळवद. गळू नये म्हणून दर काही वर्षांनी त्यावर नवी माती चढायची, जुनी निघायची नाही. थर वाढत वाढत दीड-दोन फुटांवर जायचा. चहूबाजूंनी दोन-तीन फूट जाडीच्या, मातीत बसवलेल्या गोलसर दगडांच्या भिंती. बाहेरचा थर वेगळा, आतला वेगळा, मधे भराव, आणि दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड जवळपास नाहीच. धरणी हलली तेव्हा या भिंतींचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि दगड आत-बाहेर ओसंडले. माणसं मेली ती त्या दगडांखाली आणि मातीखाली. नंतर गावागावांतून काढलेल्या छायाचित्रांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: भिंती कमरेएवढ्या उरल्या आहेत, आणि त्या दगडांच्या राशीत लाकडी खण आपल्या खांबांवर तसाच उभा आहे, कधी थोडा कललेला, पण उभा.

हे पाहिल्यावर कुणीही शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? खण ठेवा. त्याच्या कोपऱ्यांना तिरपे आधार द्या, खांब-तुळईचा सांधा पट्टीनं बांधा, माळवदाची माती उतरवा, भिंत हलकी करा. भूकंप-अभियंत्यांनी असंच काहीसं सांगितलंही. गावांनी आणि यंत्रणेनं उचललं ते उलटं. दगडाचं पाप लाकडाच्या माथी मारलं गेलं आणि चौकोनी प्लॉटांवर सिमेंटच्या खोल्या उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात त्या तापतात म्हणून बाहेर पुन्हा पत्र्याची पडवी निघते, हा भाग वेगळा. तिकडे ८ ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर काय झालं ते बघा. लाकडाच्या चौकटीत तिरप्या पट्ट्या आणि त्यांत दगड-मातीचा पातळ भराव, ही तिथली धज्जी देवारी. शेजारची काँक्रीटची बांधकामं कोसळलेली असताना ती टिकलेली दिसली. पाकिस्तानच्या पुनर्बांधणी यंत्रणेनं ती पद्धत तपासली आणि अनुदानासाठी मान्य केली. आसामात तर १८९७ च्या महाभूकंपापासून हलक्या लाकडी सांगाड्याची घरं हीच शहाणपणाची रीत ठरली होती. सांगाडा लवचीक हवा आणि वजन कमी हवं, हे ज्यांना भूकंपानं शिकवलं ते शिकले. आपल्याला त्यानं तेच शिकवलं होतं, पण आपण दुसरंच काहीतरी लिहून घेतलं.

योगायोग असा, की त्याच १९९३ साली केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागानं आपल्या कामांत लाकूड वापरायला बंदी घातली. हेतू जंगल वाचवण्याचा. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाचा गोदावर्मन प्रकरणातला आदेश आला आणि कार्ययोजनेशिवायची जंगलतोड थांबली. तो आदेश हवाच होता, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. विभागाची बंदी २०२० साली उठली, म्हणजे सत्तावीस वर्षं चालली. त्या सत्तावीस वर्षांत लाकडाची गरज संपली का? म्यानमारचं सागवान येत राहिलं, तिथल्या सरकारनं २०१४ साली ओंडक्यांची निर्यात बंद करेपर्यंत. पाठोपाठ आफ्रिका, दक्षिण अमेरिका, न्यूझीलंडचा पाइन. कांडला बंदरात ओंडके उतरत राहिले. आपलं जंगल वाचवायचं म्हणून दुसऱ्याचं तोडलं, आणि घरात दारं-खिडक्या ॲल्युमिनियमच्या लावून पर्यावरणाचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलं.

झाडांच्या नावानं गळा काढणाऱ्यांना मला आणखी एक विचारायचंय. नव्या संसद भवनात महाराष्ट्राचं सागवान लागलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहून सागवान गेलं, तेही वाजतगाजत. तेव्हा कुणाला झाडं आठवली नाहीत, आणि आठवायचं कारणही नव्हतं, कारण चंद्रपूर-गडचिरोलीची ती वनं योजनेनं तोडली आणि पुन्हा वाढवली जातात. मग रत्नागिरीतल्या शेतकऱ्यानं आपल्या बांधावरचा फणस आणि किंजळ परवानगी काढून घराला वापरला, तर तेवढंच पातक कसं?

हिशेबच मांडू. आठशे चौरस फुटांचं, जांभ्याच्या अर्ध्या भिंतींचं, मंगळुरी कौलांचं घर. खांब, तुळया, आढं, वासे, रिपा सगळं धरून मला दीडशे ते दोनशे घनफूट लाकूड लागतं. आठ-दहा मोठ्या झाडांचं हे काम. ते घर नीट राखलं तर दोन पिढ्या सहज जातात, आणि तेवढ्या काळात लावलेलं नवं झाड तुळईजोगं होतं. आता घाटाच्या तोंडाशी उभं राहून सरपणाचे ट्रक बघा. कोकणातल्या खासगी रानांतून हाच ऐन, हाच किंजळ टनावर विकून भट्ट्यांत आणि बॉयलरमध्ये जाळला जातो. जळलं की त्यातला कार्बन त्याच दिवशी हवेत. घराच्या आढ्यात राहिला असता तर शंभर वर्षं तिथंच राहिला असता, कारण कोरड्या लाकडाचं निम्मं वजन कार्बनचं असतं. सिमेंटसाठी मात्र चुनखडी चौदाशे-साडेचौदाशे अंशांवर भाजावी लागते आणि दगडातला कर्बवायू धुरांड्यातून बाहेर सोडावा लागतो. आणि वाळू? ती आपल्याच खाड्या उपसून आणतात. ज्याला लाकडाच्या घरात झाडाचं प्रेत दिसतं, त्यानं स्लॅबखाली उभं राहून खाडीलाही एकदा हाक मारावी.

तीन हजार मिलिमीटर पावसात सपाट स्लॅब टाकण्याची कल्पना ज्या कुणाची असेल, त्याला कोकण कधी भेटलं नसावं. पहिली दोन वर्षं बरी जातात. मग छताला ओलीचे नकाशे उमटतात. खाऱ्या हवेनं आतली सळी गंजते, फुगते आणि खालचं प्लास्टर पोपड्यांनी पडू लागतं. वॉटरप्रूफिंगवाला येऊन डांबराचा वास सोडून जातो. शेवटी घरमालक स्लॅबवर लोखंडी नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर निळे-लाल पत्रे ठोकतो. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत रस्त्याकडेची घरं बघत जा: जुन्या घराचं उतरतं छप्पर मोडून काँक्रीट आणलं, आणि त्या काँक्रीटला वाचवायला पुन्हा उतरतं छप्पर. हा दुहेरी खर्च ‘लाकूड परवडत नाही’ म्हणणाऱ्यांच्या वहीत कुठल्या रकान्यात लिहिलेला असतो, ते मला बघायचंय. हे पत्रेही ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात शिरलं तेव्हा पतंगासारखे उडाले. कौलंही उडाली, हेही सांगतो. वासा तुळईला आणि तुळई खांबाला लोखंडी पट्टीनं न बांधता नुसत्या वजनावर सोडून देण्याची जुनी सवय वादळात नडते, आणि नव्या घरात ती सुधारलीच पाहिजे. पट्ट्या आणि बोल्ट यांचा खर्च एका वॉटरप्रूफिंगपेक्षा कमी येतो.

लाकडाच्या बाजूनं बोलणाऱ्या सगळ्यांच्या पंगतीला मी बसतो, असंही नाही. आरसीसीच्या खांबाला चहूबाजूंनी सागाच्या फळ्या चिकटवून ‘पारंपरिक वाडा रिसॉर्ट’ म्हणणाऱ्यांनी लाकडाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीनंही केलं नसेल. परदेशी स्प्रूसच्या ओंडक्यांचं तयार घर जसंच्या तसं लोणावळ्याच्या धुक्यात आणून ठेवणारेही त्यातलेच. थंड देशांत ते लाकूड शतकं टिकतं, म्हणून प्रक्रिया केल्याशिवाय आपल्याकडंही टिकेल असं नाही. इथं ते बुरशीचं माहेर होतं. गाव, पाऊस, माती बघून लाकूड निवडायचं असतं. ऐन भार पेलतो पण तडकतो, फणस उघड्यावर नको पण आतल्या कामाला देखणा, आंब्याच्या फळ्या फार तर साच्याला. ही माहिती आजही आहे, साठी-सत्तरी ओलांडलेल्या सुतारांच्या बोटांत.

आणि इथं विरोधकांच्या एका मुद्द्यापुढं मला थांबावं लागतं: सुतार आहेत कुठं? खाच पाडून तिच्यात कुसू असं बसवायचं, की खिळ्याशिवाय सांधा घट्ट व्हावा, हे करणारा हात आता प्लायचे वॉर्डरोब जोडतो, कारण त्याला रोजचं काम तिथं मिळतं. हा आक्षेप खरा आहे. पण तो लाकडावरचा आक्षेप नाही. तो आमच्यावर, आकडेमोड करणाऱ्यांवर, आणि आम्हाला शिकवणाऱ्या महाविद्यालयांवर येतो. काँक्रीटचं आयएस ४५६ आणि पोलादाचं आयएस ८०० विद्यार्थ्याकडून घोटून घेतात. लाकडी बांधकामाचं आयएस ८८३ मानक आहे, राष्ट्रीय बांधकाम संहितेत लाकूड आणि बांबूचा स्वतंत्र विभाग आहे, पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दहांपैकी किती जणांनी ते पान उघडलंय? तुळईची लांबी विचारली की ‘लाकडात होणार नाही’ असं सांगून मोकळं होणं सोपं. त्यात ‘मला येत नाही’ हे वाक्य झाकलं जातं.

वखारीतही तेच. डेपोतलं सागवान ओंडक्यांच्या घनमीटरवर लिलावात जातं. त्यात ओल किती, गाभा किती, गाठी कुठं, हे घर बांधणाऱ्याला कुणी लिहून देत नाही. सिमेंटच्या पोत्यावर प्रत छापलेली असते, सळीवर ती उठवलेली असते. लाकडावर तसा शिक्का मारणं अवघड नाही. भट्टीत वाळवायचं, ओल मोजायची, प्रतवारी करायची आणि टोकावर छापायचं. असं शिक्क्याचं दोनशे घनफूट लाकूड चिपळूणच्या एखाद्या वखारीत मिळू लागलं, तर माझ्या आकडेमोडीला आधार मिळेल, बँकेच्या साहेबाला कागद मिळेल आणि सुताराला पोटापुरतं काम. तोवर ‘आता असं कुणी बांधत नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढं करावं: आपल्या स्लॅबवरच्या पत्र्यांचं बिल शोधून काढावं आणि ते घराच्या किमतीत मिळवून मग माझ्याशी भाव करायला यावं.